मजल दरमजल म्हणजे नेमकं किती चालायचं?

प्रश्न : आमची आजी जुन्या गोष्टी सांगताना "मजल दरमजल करत पोचलो" असं म्हणायची. यातली मजल म्हणजे बिल्डिंगचा मजला का? आणि असेल तर त्याचा पायी चालण्याशी काय संबंध? हल्ली "अकरा नंबरच्या बसने आलो" म्हणतात, ते पण हेच का?

उत्तर : प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हा वाक्प्रचार मला मनापासून आवडतो. तुमचा अंदाज बरोबर आहे, मजल आणि मजला सख्खी भावंडं आहेत. दोन्ही अरबी 'मंझिल'वरून आले, आणि त्याचा मूळ अर्थ उतरायची जागा, म्हणजे प्रवासात जिथे ओझं खाली ठेवून रात्र काढायची ती. त्यावरून मग एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची वाट म्हणजे एक मजल, थोडक्यात दिवसभराची चाल. दरमजल म्हणजे एकामागून एक अशी मजल मारत जायचं, चालायचं, थांबायचं, सकाळी उठून परत चालायचं. फौजांच्या वर्णनात याच्या जोडीला "दरकूच" पण येतं.

आता मजल म्हणजे किती किलोमीटर असं विचाराल तर तसं माप नाहीच, आणि मला तीच यातली खरी गंमत वाटते, कारण घाट लागला, पाऊस लागला, बरोबर लहान पोरं असली की मजल आखूड व्हायची, पाणी कुठे मिळेल त्यावर पण मुक्काम ठरायचा. आजही बघायचं तर ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीची वाट बघा. पुणे ते सासवड दिवेघाट चढून साधारण ३० किमी, आणि पुढे लोणंद ते तरडगाव जेमतेम ८ किमीच्या आसपास, तरी दोन्ही एकेका दिवसाचीच चाल.

पायी चालणं कमी झालं पण शब्द काही गेला नाही. "त्याची मजल खोटं बोलण्यापर्यंत गेली", "पोरीने चांगलीच मजल मारली" हे आपण रोज बोलतो, तिथेही कुठवर पोचला हेच मोजतोय ना.

अकरा नंबरची बस मात्र वेगळी. ती शहरातली, बसला नंबर आल्यानंतरची. अकरा आकड्यातले दोन एक म्हणजे आपले दोन पाय, बास एवढंच. स्टेशनपासून घरापर्यंत चालत आलात तर ती म्हणा. दिवसभर उन्हातान्हात हिंडून संध्याकाळी घरी आलात तर पायपीट झाली म्हणा, फारच झाली तर तंगडतोड. मजल दरमजल म्हणायला वाटेत निदान एक तरी मुक्काम पडायला हवा.