युरोपचा समाज कसा घडला? एका दूध डेअरीपुरतं उत्तर

तुम्ही विचारलंय की राजकीय, सामाजिक आणि सांस्कृतिक बदलांमधून आजचा युरोपीय समाज कसा घडला. प्रश्नाखाली टीपही दिलीय, की प्रबोधनापासून औद्योगिक क्रांतीपर्यंतची यादी पाठ आहे, ती पुन्हा नको. बरं झालं, कारण अख्ख्या युरोपवर बोलायचा माझा वकूब नाही. मी डेअरीचं शिक्षण घेतलेला माणूस, मूळचा सांगली जिल्ह्यातला. गेली नऊ वर्षं डेन्मार्कमध्ये ऑरहूसला दुधाच्या प्लँटवर आहे. तेव्हा एकाच देशाचं सांगतो, आणि तेही दुधाच्या वाटेनं.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. १७३३ साली डेन्मार्कच्या राजानं कायदा केला, की शेतकऱ्याघरचा पुरुष ज्या जमीनदाराच्या हद्दीत जन्मला ती हद्द त्यानं चौदाव्या वर्षापासून छत्तिसाव्या वर्षापर्यंत सोडायची नाही. सैन्याला माणसं हवी होती आणि जमीनदाराला फुकटात राबणारे हात. पुढे वयाची ही मर्यादा आणखी ताणली गेली. हे बंधन १७८८ मध्ये उठवायला सुरुवात झाली, तीही कुठल्या क्रांतीनं नाही, निरंकुश राजाच्याच सरकारनं. पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग पडायला, म्हणजे फ्रेंच क्रांतीला, अजून एक वर्ष होतं. पाठोपाठ तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली शेतं एकत्र करून वाटली गेली, कर्ज मिळायची सोय झाली आणि कुळांनी हळूहळू जमिनी विकत घेतल्या. दोन पिढ्यांत स्वतःच्या शेतावर राहणारा मध्यम शेतकरी हा नवा वर्ग उभा राहिला.

शेजारी प्रशिया या जर्मन राज्यात भूदासांना १८०७ मध्ये मुक्ती मिळाली. पण तिथे जमीन नावावर करून घ्यायची तर तिचा तिसरा हिस्सा, कधी निम्मी जमीन मालकाला परत द्यावी लागे. छोटे शेतकरी त्यात बुडाले, मजूर झाले, आणि पूर्वेकडच्या बड्या जमीनदारांच्या इस्टेटी आणखी फुगल्या. मुक्ती दोन्हीकडे कागदावर सारखीच होती. पुढच्या दीडशे वर्षांत दोन्ही समाज इतके वेगळे का झाले हे शोधताना मी आधी सातबाराच बघेन.

आता शाळा. एन. एफ. एस. ग्रुंटविग हा पाद्री, कवी आणि जबरदस्त भांडखोर माणूस. लॅटिन घोकून घेणाऱ्या शाळांवर त्याचा मनस्वी राग. त्याचं म्हणणं असं, की शेतकऱ्याच्या पोराला त्याच्याच भाषेत, तोंडी, गप्पागोष्टींतून शिकवा. इतिहास सांगा, गाणी म्हणा. परीक्षा नको आणि प्रमाणपत्रही नको. अशी पहिली 'लोकशाळा' १८४४ मध्ये रोडिंगला निघाली. मग १८५१ मध्ये क्रिस्टन कोल्ड नावाच्या चांभाराच्या मुलानं फ्युन बेटावर आणखी एक काढली, तिथे मास्तर आणि पोरं एकाच माळ्यावर झोपत. हिवाळ्यात शेताची कामं थंडावली की तरुण मुलं यायची, उन्हाळ्यात मुली. परीक्षाच नाही म्हटल्यावर पोरं शिकणार काय, हा प्रश्न मलाही पडला होता. ती शिकली चारचौघांत उभं राहून बोलायला आणि दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकून घ्यायला. याचा उपयोग पुढे येतो.

राज्यघटना आली १८४९ मध्ये, ५ जूनला. मतदानाचा हक्क त्या काळाच्या मानानं ऐसपैस होता, तरी एकूण लोकसंख्येच्या साधारण १५ टक्के लोकांनाच. बायका, दुसऱ्याच्या घरात राहणारे नोकर-गडी, सरकारी मदतीवर जगणारे गरीब, सगळे बाहेर. बायकांना आणि नोकरांना संसदेसाठी मत मिळायला १९१५ उजाडावं लागलं.

मध्येच १८६४ ची लढाई. प्रशिया आणि ऑस्ट्रियानं मिळून डेन्मार्कचा पुरता धुव्वा उडवला. श्लेस्विग, होल्स्टाइन, लाउएनबुर्ग हे दक्षिणेकडचे प्रांत गेले. राज्याची सुमारे दोन पंचमांश भूमी आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली. रोडिंगची ती पहिली शाळाही प्रशियाच्या हद्दीत गेली, तेव्हा मास्तरांनी सरळ सीमेच्या अलीकडे आस्कोवला येऊन पुन्हा वर्ग भरवले. 'बाहेर गमावलं ते आत कमवू' हे वाक्य इथल्या लोकांच्या तोंडी तेव्हापासून बसलंय. युटलंड या द्वीपकल्पातल्या माळरानावर झाडं लावायची, पडीक जमीन लागवडीखाली आणायची मोहीम १८६६ पासून सुरू झाली. पराभवानंतर सूडाची भावनाच नव्हती असं मात्र म्हणवत नाही. इच्छा असणारे होते, ताकद उरली नव्हती.

मग १८७० च्या दशकात अमेरिकेतून आणि रशियातून जहाजं भरभरून स्वस्त धान्य येऊ लागलं. भाव कोसळले. फ्रान्स, जर्मनीनं आयातकर लावून दारं लावून घेतली. डॅनिश शेतकऱ्यांनी तेच स्वस्त धान्य विकत घेऊन गाईंना घातलं आणि इंग्लंडला लोणी विकायला काढलं.

इथे एक अडचण होती, आणि दुधातला माणूस म्हणून मला ती सगळ्यांत गोड वाटते. तेव्हा दूध पसरट भांड्यांत थंड जागी ठेवायचं, साय वर यायची वाट बघायची, मग ती काढून घुसळायची. ज्याच्याकडे शंभर गाई, चांगलं तळघर आणि शिकलेली बाई आहे अशा जमीनदाराचं लोणी एकसारखं निघे आणि त्याला भाव मिळे. आठ गाईंच्या शेतकऱ्याचं लोणी आज बरं, उद्या खवट. व्यापारी ते पडेल भावानं उचलायचा. १८७८ च्या सुमारास सतत चालणारा क्रीम सेपरेटर आला आणि गणित उलटलं. गाडीतून हिंदकळत आलेलं, पन्नास घरचं मिसळलेलं दूध एका बाजूनं ओतलं की क्रीम एका नळीतून, स्किम, म्हणजे साय काढलेलं दूध, दुसऱ्या नळीतून. छोट्या शेतकऱ्याचं लोणी जमीनदाराच्या लोण्याच्या तोडीचं झालं. फक्त यंत्र महाग होतं, एकट्यादुकट्याला झेपणारं नव्हतं.

म्हणून १८८२ मध्ये पश्चिम युटलंडच्या येडिंग गावातल्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी काढली. (हो, उच्चार येडिंगच. आमच्याकडे असतं तर गावाचं नाव बदलायला पहिला ठराव झाला असता.) नियम साधे. घरी लागेल तेवढं ठेवून बाकी सगळं दूध इथेच घालायचं, चांगला भाव आला म्हणून बाहेर पळवायचं नाही. कर्जाला सगळे मिळून जामीन. नफा ज्याच्या-त्याच्या दुधाच्या प्रमाणात. आणि मत माणशी एक, गाई कितीही असोत. डॅनिशमध्ये 'डोकी' आणि 'गुरं' या दोन शब्दांत एकाच स्वराचा फरक आहे, त्यामुळे घोषणा आयतीच मिळाली: डोकी मोजा, ढोरं नको. शतक संपेपर्यंत देशभर हजाराच्या आसपास अशा डेअऱ्या झाल्या.

याच वर्षांत संसदेत काय चाललं होतं ते बघा. १८७२ पासून खालच्या सभागृहात शेतकऱ्यांच्या पक्षाचं बहुमत. पण १८६६ च्या घटनादुरुस्तीनं वरचं सभागृह बड्या जमीनदारांच्या हातात दिलेलं, आणि त्यांचा पंतप्रधान एस्ट्रुप १८७५ ते १८९४ राजाच्या मर्जीवर खुर्चीत बसून. बजेट मंजूर होईना तर तात्पुरत्या वटहुकमांवर राज्य चालवलं. म्हणजे देशाच्या संसदेत ज्याच्या बहुमताला किंमत नाही, तो शेतकरी रविवारी गावच्या डेअरीच्या सभेत हिशेब मागतोय, हात वर करून मत देतोय, आणि त्याचं मत चालतंय. १९०१ मध्ये राजाला अखेर बहुमताचं सरकार नेमावं लागलं, तोवर या माणसांची सभा चालवण्यात वीस वर्षं गेली होती. तुमच्या प्रश्नाला माझं खरं उत्तर हेच आहे: घटना १८४९ ची असली तरी लोकशाही इथल्या माणसांच्या अंगवळणी पडली ती डेअरीच्या बाकावर. पण त्या बाकावर बसून बोलायची हिंमत कुठून आली म्हणाल, तर ती परीक्षा नसलेल्या शाळेतून. आणि बाकावर बसायला शेत स्वतःचं लागतं. राजकीय, सामाजिक, सांस्कृतिक असे तीन कप्पे करायला गेलो की हे सगळं हातातून निसटतं.

सगळं गोडीगुलाबीत झालं असं समजू नका. गावागावांत धर्मावरून दोन तट होते, ग्रुंटविगची आनंदी मंडळी आणि 'इंद्रे मिशन'ची कडक मंडळी. कडक मंडळी म्हणत, रविवारी डेअरी चालवणं पाप आहे. काही ठिकाणी त्यांनी शेजारीच वेगळी, रविवारी बंद राहणारी डेअरी काढली. गाय रविवारीही दूध देते याचं काय करायचं, हा धर्मशास्त्राचा प्रश्न दुधाच्या कॅनपर्यंत आला! आणि बायका? लोणी काढणं हे पिढ्यान्‌पिढ्या बाईचं काम, तिचा मान आणि बऱ्याचदा तिच्या हातचा पैसा. डेअरी झाली तसं ते काम पगारी, प्रशिक्षित पुरुषाकडे गेलं. भूमिहीन शेतमजुराच्या वाट्यालाही यातलं फार थोडं आलं. १८६८ ते १९१४ या काळात अडीच लाखांहून जास्त डॅनिश माणसं देश सोडून गेली, त्यात असे पुष्कळ.

शहरी कामगारांचा भाग मी थोडक्यात सांगतो, तो माझा विषय नाही. त्यांच्या संघटना, त्यांचा सोशल डेमोक्रॅट पक्ष वेगळा वाढला. मंदीत १९३३ साली त्या पक्षाचा पंतप्रधान स्टाउनिंग यानं आपल्या घरी बैठक बोलावली आणि शेतकऱ्यांच्या पक्षाशी तडजोड केली: शेतकऱ्यांना क्रोन या डॅनिश चलनाचं अवमूल्यन आणि मदत, कामगारांना वेतनकपातीपासून संरक्षण आणि सामाजिक सुरक्षेचे कायदे. तारीख ३० जानेवारी. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलर चान्सलर झाला.

आजचं एक दृश्य सांगतो. मी राहतो ती इमारत रहिवाशांच्या सहकारी संस्थेची आहे. गेल्या वार्षिक सभेत सायकली ठेवायच्या शेडवर पावणेदोन तास चर्चा झाली. एका आजींनी छापील बजेटमधली दोनशे क्रोनची चूक काढली. खजिनदारानं चूक मान्य केली, कुणाचा आवाज चढला नाही, मग कॉफी. मला घड्याळ बघावंसं वाटत होतं, बाकी कुणी बघत नव्हतं.

आमच्याकडेही कायदा हाच आहे, एक सभासद एक मत. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्यामागची कल्पनाही याच कुळातली होती. दुधाच्या संस्थांनी माझ्यासारख्यांची शिक्षणं केली हे मी विसरत नाही. पण लहानपणी गावच्या संस्थेची सभा मी पाहिली आहे: विषय वाचायच्या आधी 'मंजूर, मंजूर', आणि चहा-भजी.

मागच्या उन्हाळ्यात येडिंगला गेलो होतो. त्या डेअरीचं आता छोटं संग्रहालय आहे. तिथून वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. ते चाळीस वर्षं दूध घालत आलेत, त्यामुळे प्रश्न नेमके आले.

"स्किम परत द्यायचे का?"

"हो, शेतकऱ्यालाच परत. ते डुकरांना घालायचे. त्यातनंच पुढं बेकनचा धंदा उभा राहिला, पहिला सहकारी कारखाना १८८७ ला, हॉर्सेन्समध्ये."

"बरोबर केलं. आणि चेअरमन कोण होता?"

मी आठवून बघितलं. यंत्र चालवायला नेमलेल्या माणसाचं नाव, स्टिलिंग अँडरसन, डोक्यात पक्कं बसलं होतं. चेअरमनचं काही केल्या आठवेना. तसं सांगितलं.

"चेअरमनचं नाव ठाऊक न्हाई?" वडील म्हणाले. "मग कसला दूध संघ त्यो?"