आजीची ओव्यांची वही कुठल्या कपाटात ठेवायची?

प्रश्न : नमस्कार. आम्ही सोसायटीतल्या सात-आठ जणी मिळून क्लबहाऊसच्या मागच्या खोलीत फक्त बायकांनी लिहिलेल्या पुस्तकांचं वाचनालय सुरू करतोय. दोनेकशे पुस्तकं जमलीत, पण लोक बाकीचंही आणून देतायत, कुणाच्या आजीची ओव्यांची वही, कुणाच्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी, रेसिप्यांच्या डायऱ्या. आमच्यातल्याच दोघी म्हणतात हे काय म्युझियम आहे का, परत करा. शिवाय कमिटीतले एक काका रोज विचारतात, आम्हाला मेंबर करणार का नाही. काय करू? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, वही परत करू नका हो, प्लीज! छापील पुस्तक आज नाही तर उद्या दुसरीकडे मिळेल, ती वही जगात एकच आहे आणि घरी परत गेली की पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाणार.

आणि म्युझियमचं म्हणाल तर ग्लासगोत १९९१ साली असंच एक बायकांचं वाचनालय सुरू झालं, देणग्यांवर आणि व्हॉलंटियर्सच्या जोरावर. तिथे पुस्तकांशेजारी १९३० च्या काळातले ड्रेस शिवायचे पॅटर्नसुद्धा जपून ठेवलेत, आणि आज त्याला रीतसर म्युझियमची मान्यता आहे. लांब कशाला, आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, गाणारीचं नाव आणि गाव लिहून. तुम्हीही हे नावाचं तेवढं सोडू नका, नुसतं 'जुनी ओवी' असं लेबल लावलं की संपलं सगळं.

नावावरून आठवलं, खरी गंमत रजिस्टर लिहिताना येणार आहे. आपल्याकडे लग्न झालं की आडनाव बदलतं, कधीकधी पहिलं नावही, मग एकाच बाईची पुस्तकं दोन कपाटांत जाऊन बसतात. बाळूताई खरेंनी १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' काढलं ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने, आणि लग्नानंतर त्या झाल्या मालतीबाई बेडेकर. बाई एक नि नावं तीन! तेव्हा ज्या नावाने पुस्तक छापलंय ते मुख्य धरा, बाकीच्या नावांची वेगळी कार्डं करून त्यावर 'अमुक नाव पाहा' एवढं लिहा. एक्सेल असेल तर एक कॉलम वाढवा, झालं.

काकांना खुशाल मेंबर करा की. लिहिलंय बायकांनी, वाचायला कुणीही वाचावं. ग्लासगोतही पुरुषांना दार बंद नाहीये.

आता वस्तू ठेवायच्या कशा. वही घेताना देणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्या की कायमची दिलीय का फक्त ठेवायला, आणि लोकांना वाचायला द्यायची का. डायऱ्यांमध्ये हिशोबाच्या पानामागे घरातली भांडणंही लिहिलेली असतात बरं का, मी पाहिलंय. हे आधी नाही केलं तर पुढे सुना-मुली येऊन मागणार, मग तोंड कुठे लपवाल. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका, पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको. सगळ्या पानांचे मोबाईलवर दिवसाच्या उजेडात फोटो काढा आणि मेंबरांना तेच दाखवा, मूळ वही कपाटात.

गोधडी भिंतीवर कायमची टांगायचा मोह होतो, पण उन्हाने रंग उडतो आणि वजनाने टाके ओढले जातात. धुतलेल्या जुन्या सुती साडीत गुंडाळून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी उघडून घडी बदला, म्हणजे एकाच जागी कापड विरणार नाही. डांबरगोळ्या ठेवायच्याच असतील तर त्या कापडाला चिकटू देऊ नका, वेगळ्या पुरचुंडीत बांधा. आणि पावसाळ्यात ती खोली ओलसर होत असेल तर गोधड्या तेवढ्या कुणाच्या तरी वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलवा, खोली कोरडी झाली की आणा परत.