कोरोनानंतर तरुणांना हार्ट अटॅक का येतात?

तुम्ही विचारलंय, कोरोनानंतर तिशी-चाळिशीतली माणसं अचानक जातात ती लसीमुळे का, आणि 34 व्या वर्षी तुम्ही काय जपावं?

मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या नसा तपासून त्यात स्टेंट टाकतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे. लसीचा प्रश्न नातेवाईक रोज विचारतात. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशातल्या 47 रुग्णालयांमधून 18 ते 45 वयातल्या अचानक, कारण न कळता झालेल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. लसीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमी होता. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे दवाखान्यात राहावं लागलेल्यांत, घरात कुणी असंच अचानक गेलेल्यांत, नशा करणाऱ्यांत, आणि मृत्यूआधीच्या 48 तासांत बेसुमार दारू किंवा अंगमोड व्यायाम झालेल्यांत. अचानक मृत्यू म्हणजे प्रत्येक वेळी हार्ट अटॅकच असं नाही, हेही लक्षात घ्या.

मला टेबलावर दिसतं ते सांगतो. परवा 38 वर्षांचा एक जण आला. रात्रभर ॲसिडिटी समजून सोडा पीत बसला होता. अँजिओग्राफीआधी शर्ट काढला तर खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी. "सिगरेट कधीच ओढली नाही," म्हणाला. अहो, तंबाखू चघळली तरी निकोटीन रक्तात जातंच! घरात कुणाला हृदयाचा त्रास? "नाही. वडील 48 व्या वर्षी झोपेतच गेले, पण त्यांना काहीच आजार नव्हता."

हे उत्तर ऐकलं की पोटात खड्डा पडतो. वडील, काका, मामा पन्नाशीच्या आत गेले असतील तर आजच डॉक्टरांना सांगा. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासा, आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण). हे काहींच्यात जन्मजातच वाढलेलं असतं आणि नेहमीच्या लिपिड तपासणीत कळत नाही. जागरण, ताण, पोटाचा घेर यांचाही वाटा आहेच.

छातीवर दाब, दरदरून घाम, जबडा किंवा हात दुखणं यांपैकी काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

त्या माणसाची एक नस पूर्ण बंद होती. स्टेंट टाकला, वाचला. धाकटा भाऊ बाहेर बाकावर बसला होता. डॉक्टरांनी त्यालाही दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासणीसाठी रक्त द्यायला बोलावलं.