मनाचा सल्ला : मॉनिटरचा आवाज

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एका आजोबांना घरच्यांशी व्हिडिओ कॉल लावून देण्याचे मी कबूल केले होते. परंतु शेजारच्या खाटेवरील रुग्ण अत्यवस्थ झाला आणि मी परत येईपर्यंत आजोबा गेले होते. अजूनही मॉनिटरसारखा आवाज कानी पडला की मी झोपेतून दचकून उठते. यजमान म्हणतात, ‘आता विसर.’ उपचार घेतले आणि मेट्रन मॅडमना कळले, तर? मी कमकुवत आहे का?
– एक वाचक, धायरी

उत्तर : तुमच्या पत्रात ‘थकवा’ हा शब्द कुठेही नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या ‘बर्नआउट’ला जागतिक आरोग्य संघटना आजार मानत नाही, आणि रजा मिळाली, ड्यूटीचे वेळापत्रक माणसासारखे झाले की तो बराच ओसरतो. तुमचे दुखणे निराळे आहे. जे करायला हवे होते ते करता आले नाही, हा सल आत रुतून बसतो, त्याला ‘नैतिक जखम’ म्हणतात. ही संज्ञा युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात रुजली. (आपण तुम्हाला ‘योद्धे’ म्हणून थाळ्या वाजवल्या, योद्धे घरी परतल्यावर काय होते, हे मात्र विचारले नाही.)

त्या रात्री तुमच्याकडे किती खाटा होत्या, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो आकडा कागदावर मांडा. व्हेंटिलेटरवरील एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, या मापाने तुम्ही स्वतःला तोलत आहात. प्रत्यक्षात ते माप त्या रात्री उपलब्धच नव्हते, आणि त्याचा दोष तुमचा नव्हे.

इतक्या काळानंतरही दचकणे आणि झोपमोड टिकून असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायलाच हवे. आघातावर केंद्रित मानसोपचाराचा अशा वेळी चांगला उपयोग होतो. झोपेची गोळी मनाने घेऊ नका. औषधे हाताशी असणाऱ्यांना हा मोह अधिक होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. मेट्रन मॅडमची भीती समजू शकतो, परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते, जगणे नकोसे वाटू लागले, तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता तेथे लगेच फोन करावा.

यजमानांना आजोबांची हकीकत तुम्ही सविस्तर सांगितली आहे का? त्यांना बहुधा फक्त तुमचे दचकणे दिसते. आणि त्या रात्री तुमच्याबरोबर ड्यूटीवर असलेल्या सिस्टरशीही एकदा बोला. तीही कदाचित झोपलेली नसेल.