शब्दचर्चा : लसीचे की लशीचे? आणि शरीर ‘प्रतिजैविके’ कुठून बनवणार?

प्रश्न : ‘लसीचे दोन डोस’ बरोबर की ‘लशीचे दोन डोस’? शिवाय ‘लस घेतल्यावर शरीरात प्रतिजैविके तयार होतात’ असे एका आरोग्यपत्रकात वाचले. ते वाक्य बरोबर आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ती चूक बातम्यांत, भाषणांत आणि फलकांवर इतक्या वेळा भेटते की आता तिचा राग येतो. वाक्य साफ चूक आहे. प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक, जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ थोपवणारे औषध. पेनिसिलिन बुरशीपासून मिळाले (फ्लेमिंग, १९२८), स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या एका जिवाणूपासून (१९४३). माणसाचे शरीर यांतले काहीही बनवत नाही. शरीर बनवते ती प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी. दोन्ही शब्दांच्या आरंभी ‘प्रति’ आहे म्हणून ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. हा घोळ शब्दापुरता राहत नाही हे अधिक वाईट. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, तरी साध्या सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी आणणाऱ्याची समजूत हीच असते की या गोळ्यांनी ‘आतली प्रतिजैविके’ वाढतील.

प्रतिपिंड की प्रतिद्रव्य, यावर दोन तट आहेत. माझे मत प्रतिपिंडाच्या बाजूचे आहे. द्रव्य काहीही असते, मीठही द्रव्यच. प्रतिपिंड हे मात्र ठरावीक घडणीचे प्रथिन आहे : दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या, इंग्रजी वाय अक्षराचा आकार, आणि वरच्या दोन टोकांना पकडण्याच्या जागा. पॉल एरलिख यांनी १८९१ मध्ये जर्मनमध्ये ‘अँटिक्योर्पर’ हा शब्द वापरला. क्योर्पर म्हणजे शरीर, पिंड. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ म्हणणाऱ्या भाषेला यापेक्षा नेमका शब्द कशाला हवा? प्रतिद्रव्यवाद्यांनी ‘पिंड म्हटले की श्राद्ध आठवते’ एवढेच कारण पुढे करावे, हे कारण म्हणून फार तोकडे आहे.

त्याचाच भाऊ ‘प्रतिजन’, म्हणजे अँटिजेन. ‘जनांच्या विरुद्ध’ असा त्याचा अर्थ लावणारे भेटतात. इथला ‘प्रति’ हा ‘प्रतिपिंड’चा संक्षेप आहे आणि ‘जन’ म्हणजे जन्माला घालणारा. ज्याच्यामुळे प्रतिपिंड जन्मते ते प्रतिजन. कोविड चाचणीतील अँटिजेन टेस्ट विषाणूचा तुकडा शोधते, अँटिबॉडी टेस्ट तुमच्या शरीराचे उत्तर शोधते. पहिली ‘आत्ता आजार आहे का’ ते सांगते, दुसरी ‘पूर्वी आजार झाला होता का किंवा लस लागू पडली का’ ते.

आता लशीकडे. ‘लशीचे’ बरोबर. म्हैस-म्हशीचे, कूस-कुशीत, रास-राशीत, तसेच लस-लशीचे, अनेकवचन लशी. ई लागताच स तालव्य होऊन श होतो. ‘लसीकरण’मध्ये स आहे म्हणून ‘लसीचे’ लिहावे हा युक्तिवाद टिकत नाही, कारण लसीकरण हा संस्कृतच्या साच्यात ओतलेला शब्द आहे, त्यात मराठी सामान्यरूप नाहीच. खरे तर तो शब्दही साच्यात नीट बसलेला नाही. शुद्धीकरण म्हणजे जे शुद्ध नव्हते ते शुद्ध करणे. त्या हिशेबाने लसीकरण म्हणजे माणसाची लस करणे! पण तो आता इतका रुळला आहे की उपटण्यात अर्थ नाही. ‘टोचणी’ हा चांगला शब्द आपणच टाकून दिला, आणि त्याआधी ‘देवी काढणे’ टाकून दिले.

या सामान्यरूपातच लशीचे सगळे कूळ दडलेले आहे. मराठीत अकारान्त झालेल्या स्त्रीलिंगी शब्दांचे दोन गट पडतात. जिह्वा-जीभ-जिभेचा, माला-माळ-माळेचा, खट्वा-खाट-खाटेचा हा एक गट : मुळात आ होता, म्हणून सामान्यरूपात ए आला. राशि-रास-राशीचा, कुक्षि-कूस-कुशीचा, महिषी-म्हैस-म्हशीचा, भित्ति-भिंत-भिंतीचा हा दुसरा गट : मुळात इ किंवा ई होती, ती शेवटून झिजली तरी सामान्यरूपात उगवते. लस दुसऱ्या गटात आहे. आपण ‘लसेचा’ म्हणत नाही. मग मुळात ‘लसि’ किंवा ‘लसी’ असे काही असले पाहिजे. ‘जमीन-जमिनीचा’ हा फार्सी शब्दही याच गटात येऊन बसला आहे, तेव्हा एकटे सामान्यरूप हा पुरेसा पुरावा होत नाही, हे मान्य. पण पुरावा एकटा नाही.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या द्रवांची मापे दिली आहेत. तिथे उदक, म्हणजे पाणी, दहा ओंजळी सांगितले आहे. तेच पाणी उष्णतेने रोमरंध्रांतून बाहेर पडले की त्याला स्वेद म्हणतात, आणि त्वचेच्या आत, व्रणात असले की ते ‘लसीकाशब्दं लभते’, त्याला लसीका हे नाव मिळते. खरचटलेल्या गुडघ्यातून रक्त थांबल्यावर जे पारदर्शक, किंचित पिवळट आणि चिकट पाणी झिरपते, ज्याला मराठी घरात आजही ‘लस येते’ म्हणतात, तेच हे. लसीका हे मूळ ‘लसी’ला क आणि आ जोडून झालेले रूप, असा माझा तर्क आहे. थेट लसीकाच मराठीत आली असती तर मक्षिकेची माशी आणि मृत्तिकेची माती झाली तशी तिची ‘लशी’ झाली असती, लस नव्हे. म्हणून लस ही लसीकेची मुलगी नाही, बहीण आहे.

‘लस म्हणजे रसच, र-ल यांचा अभेद’ असे ठोकून देणाऱ्यांना इथेच थांबवायला हवे. रस पुल्लिंगी, त्याचे सामान्यरूप ‘रसाचा’. त्यातून स्त्रीलिंगी ‘लशीचा’ कसा निघाला, ते त्यांनी दाखवावे. उसाचा रस मराठीत हजार वर्षे रसच राहतो आणि जखमेतल्या रसाचीच तेवढी लस होते, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत. र-लच्या अभेदाचा आसरा घेतला की कोणताही शब्द कशाशीही जोडता येतो.

मूळ धातू लस्. धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, त्याचे दोन अर्थ देतो, ‘श्लेषणक्रीडनयोः’ : चिकटणे आणि खेळणे. खेळण्याच्या बाजूने विलास, उल्लास, लास्य आले. त्यांच्या झगमगाटामुळे लोक लस म्हणजे ‘चकाकणारे पाणी’ असा अर्थ सांगतात. मला तो पटत नाही. जखमेतले पाणी चकाकते म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही, ते कपड्याला चिकटते म्हणून राहते. हिंदीत आजही ‘लसदार’ म्हणजे चिकट. लस म्हणजे चिकटणारी, हीच व्युत्पत्ती मी धरतो. ती धरली की शरीराच्या प्रतिकाराची सगळी तऱ्हा या एका धातूत मावते, कारण तिथे ओळखणे म्हणजे चिकटणेच असते.

नाकातला शेंबूड, छातीतला कफ याला संस्कृतात श्लेष्मा म्हणतात, तोही श्लेषणाच्याच कुळातला. जंतू आधी त्यात चिकटतो. तिथून सुटून ऊतीत शिरलाच तर भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राही, म्हणजे रिसेप्टर, त्याला ओळखतात. हे ग्राही ठरावीक खुणाच जाणतात. त्यांतल्या ‘टोल-सदृश’ (टोल-लाइक) नावाच्या ग्राहींचे माणसात दहा प्रकार आहेत. त्यांतला चौथा काही जिवाणूंच्या आवरणातल्या मेद-शर्करेला चिकटतो, पाचवा त्यांच्या कशाभिकेतल्या, म्हणजे पोहायच्या शेपटीतल्या, प्रथिनाला. इथपर्यंत काम तासांत होते, पण जंतू नेमका कोणता हे कळलेले नसते. ते काम लसीका ग्रंथींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, होते.

आणि इथे लस हा शब्द स्वतःच्या घरी परततो. दंडात लस टोचली की तिथल्या डेन्ड्रायटिक पेशी (फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पहारेकरी पेशी) तिच्यातले प्रतिजन गिळतात, त्याचे तुकडे करून पृष्ठभागावर मांडतात आणि लसीकावाहिन्यांतून काखेतल्या ग्रंथींत जातात. तिथून सतत लसीकापेशी (लिम्फोसाइट, पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जात असतात, प्रत्येकीचा ग्राही वेगळ्या घडणीचा. लाखो पेशींत एखादीचाच ग्राही त्या प्रतिजनाला किंवा त्याच्या तुकड्याला चिकटतो. जी चिकटली तिची संख्या भराभर वाढते आणि ग्रंथी सुजते. त्या सुजलेल्या, दुखऱ्या गाठीला मराठीत ‘अवधाण’ असा खणखणीत शब्द असताना ‘लिम्फ नोड वाढलाय’ कशाला म्हणायचे? पायाला जखम झाली तर अवधाण जांघेत येते, हाताला झाली तर काखेत, कारण त्या त्या भागाची लसीका तिथे जाते. लशीनंतर काखेत आलेले अवधाण बहुधा आपोआप उतरते. तीन-चार आठवड्यांनंतरही गाठ राहिली किंवा वाढत गेली, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

चिकटलेल्या लसीकापेशींतल्या ‘बी’ पेशींपासून प्रतिपिंडांचे कारखाने बनतात, एकेक पेशी सेकंदाला हजारोंच्या घरात प्रतिपिंडे सोडते. आधी पाच-पाच जोडलेली, दहा पकडींची आयजीएम येतात, मग सुटी आणि अधिक घट्ट पकडणारी आयजीजी. पहिल्या खेपेला याला सात ते चौदा दिवस लागतात. पकड घट्ट होण्याचे काम त्यापुढेही आठवडेच्या आठवडे चालते. म्हणून बऱ्याच लशींच्या दोन मात्रांत चार आठवडे ठेवतात. दुसरी मात्रा घाईने घेतली तर ती अजून न मुरलेल्या पकडीवर पडते आणि तिचा लाभ घटतो. या कामात बी पेशींना ज्यांची मदत लागते त्या टी पेशींचे (त्याही लसीकापेशीच) नाव थायमस ग्रंथीवरून पडले. मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ म्हणतात. छातीच्या हाडामागची ही ग्रंथी बालपणी मोठी असते आणि तारुण्यानंतर विरत जाते. परिभाषाकारांवर इतकी टीका होते, पण हा शब्द ज्यांनी घडवला त्यांना दाद द्यायलाच हवी.

लस हे नाव मात्र यातले काही ठाऊक नसताना पडले. देवीची लस आणणाऱ्या एडवर्ड जेनरच्या काळी टोचायचे ते गोदेवीच्या, म्हणजे गायींच्या देवीच्या, फोडातले स्वच्छ पाणी होते आणि इंग्रज त्याला लिम्फ म्हणत. व्हिएन्नाहून बगदाद, बसरा अशा वाटेने ते मुंबईत आले आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. तिच्या फोडातले पाणी मग पुढच्या मुलांना टोचले. आठव्या दिवसाच्या सुमारास पाणी स्वच्छ असतानाच ते घ्यावे लागे. उशीर झाला की फोड गढूळ होई, आणि टोचली जाई ती लस नव्हे, पू. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. मराठीने लस आणि पू हा भेद आधीच केलेला होता, म्हणून लिम्फला शब्द शोधावाच लागला नाही. पुढे हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस केली, ती उष्णतेने मारलेल्या जंतूंच्या रश्शाची होती. फोडातले पाणी संपले, नाव उरले. असा विस्तार भाषेला शोभतो.

पण एक विस्तार शोभत नाही, घातक आहे : ‘सापाची लस’, आणि कुत्रा चावल्यावर ‘लस घेतली, झाले’. सर्पदंशावर देतात ते प्रतिविष, घोड्याच्या शरीरात तयार झालेली आयती प्रतिपिंडे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषाला ती चिकटतात. ती आधीच घेऊन ठेवता येत नाहीत आणि पुढच्या दंशाला त्यांचा उपयोगही होत नाही, कारण आयते प्रतिपिंड काही आठवड्यांत संपते आणि आठवण मागे ठेवत नाही. लस म्हणजे शरीराला काम शिकवणारी, प्रतिविष म्हणजे दुसऱ्याने केलेले काम. दोन्हींना एकच शब्द वापरला की ‘एकदा सापाची लस घेतली आहे’ असे सांगणारा माणूस दुसऱ्या दंशाच्या वेळी दवाखाना टाळतो.

रेबीजमध्ये तर दोन्ही लागतात, आणि शब्द एकच असल्यामुळे एक राहून जाते. कातडी फाटून रक्त आले असेल तर आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची. मग लस, स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. पण लशीची प्रतिपिंडे यायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या अवधीत विषाणू मज्जातंतूत शिरू शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी रेबीज इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयती प्रतिपिंडे, जखमेतच आणि तिच्या भोवती टोचायची. मानवी असतील तर वजनाच्या दर किलोला २० युनिट, घोड्याची असतील तर ४०. साठ किलोच्या माणसाला अनुक्रमे १२०० आणि २४००. पहिल्या दिवशी राहिलीच तर लशीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतात, त्यानंतर नाही, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडे येऊ लागलेली असतात. पूर्वी लशीचा पूर्ण क्रम झालेल्याला ती लागत नाहीत, ० आणि ३ व्या दिवशीच्या दोन मात्रा पुरतात. तेव्हा दवाखान्यात ‘लस दिली का?’ एवढेच विचारू नका. ‘लस दिली, आणि जखमेत प्रतिपिंडे दिली का?’ असे दोन वेगळे प्रश्न विचारा.