हेडफोनसाठी पॉलिसी मोडू का?

ठाण्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 36, हातात पगार 95 हजार. मुलगी झाल्यावर पत्नीने नोकरी सोडली, मुलगी आता चार वर्षांची आहे. घराचं कर्ज 44 लाख बाकी, हप्ता 41 हजार. शाळा, किराणा, मेंटेनन्स धरून घरखर्च 38 हजार. बँकेत 1 लाख 40 हजारांची एफडी. पुढे ते लिहितात:

"मला शास्त्रीय संगीत ऐकायचा नाद आहे. रात्री सगळे झोपले की गॅलरीत एक सिगारेट आणि मग तासभर किशोरीताई. सध्या सेनहायझर एचडी 560एस आहे, अँड्रॉइड फोनला अ‍ॅपलचा डोंगल (फोनला हेडफोनची पिन जोडणारी छोटी वायर) लावून ऐकतो, पण आवाजात दम नाही. दुकानदाराने नवीन सेटअप सुचवला आहे: प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन 75 हजार, डॅक (डिजिटल फाइलचं आवाजाच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) 28 हजार, ट्यूब ॲम्प (आवाजाला ताकद देणारं, व्हॉल्व्हचं यंत्र) 42 हजार आणि केबल 15 हजार. एकूण 1 लाख 60 हजार. 5 हजार टोकन दिलं आहे. बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की मावसभावाकडून घेतलेली पॉलिसी मोडू? वर्षाला लाखाचा हप्ता आहे, दहा वर्षं भरायचा, पाच झाले. विसाव्या वर्षी 20 लाख हमखास मिळणार, विमा 10 लाखांचा. आता मोडली तर 3 लाख येतील म्हणतात. ऑफिसचा 20 लाखांचा विमाही आहे. चांगल्या ऑडिओ वस्तूंना रीसेल व्हॅल्यू असते, त्यामुळे हा खर्च एक प्रकारची गुंतवणूकच आहे."

शेवटचं वाक्य आधी खोडा. ट्यूबला आयुष्य असतं, कुशन चेपतात, नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो. हेडफोन हा हौसेचा खर्च आहे, आणि हौसेचा खर्च करायला माझी काही हरकत नाही. त्याला गुंतवणुकीचा सदरा घातला की मात्र माणूस 15 हजारांची केबल घेतो.

ईएमआयचा निकाल लगेच लागतो. 95 मधून 41 गेले, 38 गेले, पॉलिसीचे महिन्याला सव्वाआठ गेले. उरले पावणेआठ हजार, आणि हप्ता येतो 13 हजार 300. बसतच नाही. शिवाय 'नो-कॉस्ट' हा शब्दच फसवा आहे. बँक व्याज लावतेच, तेवढी सूट दुकानदार आधी वजा करून दाखवतो. व्याजदर 16 टक्के धरला तर वर्षाचं व्याज 13 हजारांच्या घरात जातं, त्यावरचा 18 टक्के जीएसटी म्हणजे 2,300 रुपये तुमच्या कार्डावर पडतात, प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीत घासाघीस करून मिळाली असती ती सूटही गेली. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं. तेव्हापासून नाव तेवढं बदललं.

आता पॉलिसी. मोडू नका. पण तुम्हाला वाटतंय तशी ती चांगली आहे म्हणून नव्हे.

'पैसे दुप्पट' ऐकून तुम्ही खूश झालात, पण किती वर्षांत दुप्पट, ते मोजलंत का? पहिला लाख वीस वर्षं अडकतो, दहावा अकरा वर्षं. सरासरी साडेपंधरा वर्षं. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी 72 ला भागलं की साधारण व्याजदर निघतो. 72 ला साडेपंधराने भागा: परतावा 4.6 टक्के. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये भरून विसाव्या वर्षापर्यंत ठेवले असते, तर आजच्या 7.1 टक्के दराने साडेएकोणतीस लाख झाले असते. हा दर सरकार बदलू शकतं, म्हणून 27 धरा, 28 धरा. 20 नक्कीच नाहीत.

मग मोडू नका का म्हणतोय? कारण नुकसान होऊन गेलं आहे, आता हिशेब इथून पुढचा करायचा. तुमच्यापुढे दोन नाही, तीन वाटा आहेत, आणि तिसरी मावसभावाने सांगितलेली दिसत नाही: हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करणं. दहापैकी पाच हप्ते भरलेत, तर साधारण त्याच प्रमाणात, म्हणजे विसाव्या वर्षी 10 लाखांच्या आसपास रक्कम शिल्लक राहते. काही पॉलिसींत पेड-अप झाल्यावर यातही कात्री लागते, तेव्हा नेमका आकडा कंपनीकडून लेखी घ्या. मावसभावाच्या व्हॉट्सॲपवर आलेला नको.

समजा, 10 लाखच निघाले. आज 3 लाख घेणं म्हणजे पंधरा वर्षांनंतरचे 10 लाख सोडणं. त्या 3 लाखांवर वर्षाला 8.4 टक्के सुटले, तरच तुम्ही बरोबरीत. एवढं निश्चित व्याज आज कुठली बँक देत नाही, आणि तुम्ही तर त्यातले दीड लाख कानाला लावणार आहात. दुसरीकडे उरलेले पाच हप्ते भरायचे म्हटलं, तर त्या 5 लाखांवर वाढीव 10 लाख मिळतात, सरासरी तेरा वर्षांनी, म्हणजे साडेपाच टक्के. एवढ्यासाठी वर्षाला लाख रुपये गुंतवायचे नाहीत. थोडक्यात, भरलेले पैसे आत राहू द्या, नवे घालू नका. पेड-अपचा आकडा 8 लाखांच्या खाली आला, तर मला पुन्हा लिहा, मग मोडण्याचा विचार करता येईल.

पण हप्ता आजच थांबवू नका, कारण पेड-अप झाली की 10 लाखांचा विमाही 5 लाखांवर येतो. आणि तुमच्या पत्रातली मोठी चूक तिथेच आहे, जी तुम्ही विचारलेलीच नाही.

उद्या तुम्ही नसलात, तर घरी काय येईल? पॉलिसीचे 10 लाख आणि ऑफिसचे 20 लाख. बँकेचं देणं 44 लाख. म्हणजे पत्नीच्या हातात पगार नाही, पदरात चार वर्षांची मुलगी आणि वर 14 लाखांचं कर्ज. घर विकून ते फिटेल, हे मलाही कळतं. पण राहायचं कुठे? ऑफिसचा विमा तर नोकरी आहे तोवरचाच, राजीनामा दिला त्या दिवशी तो संपला. आणि हा 10 लाखांचा आकडा तुमच्या घराकडे बघून काढलेलाच नाही. मुदतीनंतरचे पैसे करमुक्त राहावेत, तर वार्षिक हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. लाखाचा हप्ता, म्हणून 10 लाखांचं कव्हर. कर नियमापुरतं. तुमच्या 44 लाखांशी त्याचा काही संबंध नाही. विमा आणि बचत एकत्र बांधून गळ्यात मारतात, तेव्हा नेमकं हे होतं: बचत अर्धवट, विमा नावापुरता.

किती हवा? कर्ज 44 लाख. घरखर्च वर्षाला साडेचार लाख, वीस वर्षं धरा, महागाई आणि व्याज एकमेकांना खातील असं समजून 90 लाख. मुलीच्या शिक्षणाला 15-20 लाख. झाले दीड कोटी. साठाव्या वर्षापर्यंतचा साधा टर्म प्लॅन घ्या. शेवटी काहीही परत न देणारा. 'हप्ते परत मिळणारा टर्म प्लॅन' कोणी दाखवला तर चहा पाजून वाटेला लावा. तुमच्या वयाला दीड कोटीचा हप्ता वर्षाला 20 हजारांच्या आसपास पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेला आहे, त्यामुळे वर काही लागत नाही.

मात्र गॅलरीतली ती सिगारेट अर्जात लिहा. एकच असली तरी लिहा. पहिल्या तीन वर्षांत लपवाछपवी उघड झाली, तर कंपनी दावा नाकारू शकते, आणि तेव्हा भांडायला तुम्ही नसाल. सिगारेट ओढणाऱ्याला हाच हप्ता 33 हजारांपर्यंत जातो. फरक 13 हजारांचा. सहा वर्षांत त्यात एक प्लॅनर हेडफोन येतो, पाकिटांचे पैसे वेगळे.

अर्ज भरतानाच विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली पॉलिसी घ्या. 1874 सालचा कायदा आहे, एक फॉर्म भरावा लागतो. मग ते पैसे पत्नी आणि मुलीचेच राहतात, तुमच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. हे नंतर करता येत नाही, पॉलिसी घेतानाच करायचं. वैद्यकीय तपासणी होऊन टर्म पॉलिसी हातात पडली, की मगच जुनीचा हप्ता थांबवा. मध्येच मन बदललं, तरी पहिला हप्ता चुकल्यापासून पाच वर्षांपर्यंत ती थकबाकी आणि व्याज भरून पुन्हा सुरू करता येते. मावसभाऊ फुगेल. दिवाळीपर्यंत निवळेल.

आता पैसे किती सुटले बघा. लाखातून टर्मचे 33 हजार गेले, राहिले 67. महिन्याच्या पावणेआठ हजारांतले निम्मे सणवार आणि गावी जाण्यात जात असतील, उरलेले वर्षाला 45 हजार. एकूण 1 लाख 12 हजार. तुमच्याकडे हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला 79 हजार लागतात, आणि एफडी आहे 1 लाख 40 हजारांची. नोकरी गेली तर दोन महिनेसुद्धा निघत नाहीत. तेव्हा तीन वर्षं यातले 95 हजार एफडीतच घाला. सव्वाचार लाख झाले, पाचेक महिन्यांची सोय झाली, की पीपीएफ. बाकीचे 17 हजार दरवर्षी कानांना द्या, बिनधास्त.

मीही या नादातला आहे, म्हणून सेटअपबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. दुकानदाराची यादी नुसती महाग नाही, चुकीची आहे. प्लॅनर हेडफोन सहसा कमी ओहमचे, म्हणजे विजेला कमी अडथळा करणारे असतात, त्यांना करंट लागतो. त्या भावातले बरेचसे ट्यूब ॲम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले, ओटीएल प्रकारचे असतात. त्यांचं जमतं एचडी 600 किंवा 650 सारख्या 300 ओहमच्या हेडफोनशी. कमी ओहमच्या प्लॅनरला ते नीट ताकद देऊ शकत नाहीत. यादीतला ॲम्प ओटीएल आहे का, ते विचारा. असेल, तर 42 हजार देऊन तुम्ही दम आणखी घालवणार होतात.

आणि तुमचा दम गेला कुठे, ते पत्रातच लिहिलंय. अ‍ॅपलचा डोंगल बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाही, फोन त्याचा अंतर्गत व्हॉल्यूम खालीच ठेवतो. तोच डोंगल लॅपटॉपला लावून बघा. एचडी 560एस 120 ओहमचा असला तरी 1 व्होल्टला 110 डेसिबल देतो, आणि आपल्याकडे मिळणारा डोंगल जेमतेम तेवढा व्होल्ट देतोच. रात्री अकरा वाजता याच्या कितीतरी खाली ऐकलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास आहे. आवाज पुरला, पण तंबोऱ्याचा खर्ज अजून पातळ वाटला, तर तो या हेडफोनचा स्वभाव आहे. विंडोज लॅपटॉपवर इक्वलायझर एपीओ हे खालचे-वरचे सूर कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. 100 हर्ट्झच्या खाली चार-पाच डेसिबल वाढवा आणि आवाज फाटू नये म्हणून त्यातला प्रीॲम्प, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, तेवढाच खाली घ्या. आठ दिवस तसं ऐका. दुकानात दोन वस्तू ताडून बघाल, तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जो एखाद डेसिबल मोठा वाजतो, तोच आपल्याला चांगला वाटतो, आणि हे दुकानदाराला आपल्यापेक्षा आधी माहीत असतं.

आणखी एक. आकाशवाणीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतली टेपची सरसर 75 हजारांच्या हेडफोनवर जात नाही, उलट ठसठशीत ऐकू येते. घोडबंदर रोडच्या बाजूला घर असेल, तर उघड्या पाठीच्या हेडफोनमधून रस्ताही आत येतो, मग हेडफोन कितीचाही असो.

एवढं करूनही मन भरलं नाही, तर दोन वर्षं दरवर्षीचे ते 17 हजार साठवून सेकंडहँड एचडी 600 शोधा. ते मॉडेल 1997 पासून बाजारात आहे, सुटे भाग मिळतात. ट्यूब ॲम्पची हौस असेलच, तर तो त्यानंतर, आणि त्याच्याशी जमेल.

टोकनचे 5 हजार परत मागा. दुकानदार देत नसेल, तर त्यातून एचडी 560एस चे नवे ओरिजिनल कुशन घ्या. रोज तासभर वापरून तुमचे चेपले असणार, आणि कुशन चेपले की आवाज बदलतो. वर काही उरलं, तर पावतीवर जमा लिहून घ्या. केबल घेऊ नका.