शहर वाढलं की नवीन भागातले रस्ते एकमेकांना जोडलेले का नसतात?

तुम्ही विचारलंय की पेठेत एक रस्ता बंद असला तरी दुसऱ्या चार वाटा निघतात, मग वाकड-वाघोलीसारख्या कडेच्या नव्या भागात एक चौक तुंबला की सगळंच का अडतं आणि हे पुढे सुधारतं का. पुण्यातलाच आहे म्हणून पुण्याचंच सांगतो.

गाड्या वाढल्या वगैरे आहेच, पण मूळ भानगड जमिनीची. शहराच्या कडेला शेतजमिनी, गट नंबरवाल्या, एक तुकडा एक बिल्डर घेतो, शेजारचा दोन-चार वर्षांनी दुसरा. प्रत्येक जण मेन रोडवरून आत एक रस्ता काढतो आणि शेवटी कंपाउंड वॉल, विषय संपला. गॅलरीतून मागच्या सोसायटीतले वाळत घातलेले कपडे दिसतात पण तिथे जायचं तर आधी मेन रोडला या, पुढे जाऊन यू-टर्न मारा, मग परत आत. अशा सगळ्या सोसायट्यांच्या स्कूलबस, दूधवाले, टँकर त्या एकाच रोडवर येऊन पडतात, मग तो कितीही रुंद करा.

डीपीत, म्हणजे महापालिकेच्या विकास आराखड्यात, रस्ते असतात हो, पण गाव महापालिकेच्या हद्दीत येईपर्यंत बिल्डिंगी उभ्या असतात. २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३, वाघोली त्यातलंच. मग डीपी रोडचा मधलाच एक पट्टा कोर्टात नाहीतर मालकाला टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क) नको रोख पाहिजे, दोन्हीकडून डांबर येऊन थांबलेलं आणि मध्ये पत्रे. मिसिंग लिंक म्हणतात ती हीच.

याला उपाय जुनाच आहे, टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम, त्याचा कायदा १९१५ चा. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, आधी रस्ते आखायचे, मग प्रत्येकाला जरा लहान पण नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. प्रभात रोड-भांडारकर रोडकडचे जुने पत्ते बघा, अजून 'फायनल प्लॉट नंबर' लिहितात, तो या स्कीमचाच. अहमदाबादने कडेच्या भागात हे चालू ठेवलं, आपण मात्र नुसते डीपी रंगवत बसलो (माझं मत, वाद घाला हवं तर).

सुधारतं का? नवीन भागात सुधारू शकतं. अमेरिकेत बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघांनी शंभर वर्षांचं रस्त्यांचं जाळं तपासलं, त्यात १९९४ च्या आसपास नवीन वस्त्या सगळ्यात जास्त तुटक होत्या आणि नंतर परत जोडलेले रस्ते वाढायला लागले. पण एकदा बांधून झालेलं सहसा बदलत नाही, पेठेत वाडे पडून अपार्टमेंट झाली तरी बोळ तेच राहिले ना. आमच्यासारख्या भागात फार तर मागच्या भिंतीत माणसं जाण्यापुरतं गेट पाडता येईल, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो विषय काढला की सिक्युरिटीचं काय म्हणून सगळे अंगावर येतात.